तीन शनिवार आणि पोर्ट वीस

‘लॉगिन सक्सेसफुल’ असं स्क्रीनवर आलं आणि पुढे काहीच झालं नाही. मी थांबलो. माझ्या पाठीमागे क्लासचे मालक, आमचे सर, उभे होते, तेही थांबले. नांदेडच्या सर्व्हरवरच्या फोल्डरांची यादी दिसायला हवी होती, ती जागा पांढरीच राहिली. मिनिटभराने ‘टाइम आउट’ असा मेसेज आला.

“नाव घेतलं, पासवर्ड घेतला, मग घोडं पेंड कुठं खातंय?” सरांनी विचारलं.

बघतो म्हणालो. शनिवारचे अकरा वाजले होते. रविवारी सकाळी दहाला क्लासच्या लातूर आणि नांदेड, दोन्ही शाखांत बारावीच्या मुलांची टेस्ट होती. पेपर एकच, वेळ एकच, कारण गुणवत्ता यादी दोन्हीकडची मिळून लागायची. त्या यादीत आपलं पोरगं कितवं आलं यावर आईबापांची झोप ठरायची. पेपर माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार होता. सगळ्या आकृत्या स्कॅन केलेल्या, त्यामुळे फाईल एवढी जड की ई-मेल तिला दारात उभीच करत नव्हता. म्हणून आम्ही एफटीपी वापरायचो. एफटीपी म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाईल सरळ नेऊन ठेवायची जुनी, साधी पद्धत.

“जावेदला फोन लाव,” सर म्हणाले.

हे वाक्य मला त्या काळात दिवसातून चारदा ऐकावं लागायचं आणि चारही वेळा ते टोचायचं.

जावेद नांदेड शाखेचे कॉम्प्युटर बघायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. जुन्या नांदेडात त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बारावीनंतर हार्डवेअरचा एक खाजगी कोर्स, एवढंच त्याचं शिक्षण. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. लातूरच्या क्लासमधली प्रत्येक वायर मी स्वतः ओढलेली. पण सर मला ‘ए बालाजी’ म्हणायचे आणि त्याला ‘जावेदमियाँ’. तो लातूरला आला की सर त्याच्यासाठी चहा सांगायचे, मग मान वळवून मला विचारायचे, “तू घेणार का?” टायपिंगच्या दोघी मुलीसुद्धा की-बोर्ड बिघडला की मला सांगायच्या आधी विचारायच्या, जावेदसर कधी येणार आहेत.

हेवा करायचं शिक्षण मला लहानपणीच मिळालं होतं. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी शाळेत होतो. पत्र्याच्या शेडमधली वर्षं संपल्यावर नवं गाव मिळालं, पण घरं सगळ्यांना सारखी नव्हती. ज्याची जमीन जास्त त्याचं घर मोठं. नव्या गावात मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेजाऱ्याची ओसरी पावलांनी मोजली. ती आमच्यापेक्षा सात पावलं जास्त निघाली. ती सात पावलं मी अजून विसरलेलो नाही.

आणि आता सरांनी सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर दोन्ही शाखांच्या कॉम्प्युटरना मिळून एकच इन्चार्ज राहील. तो मी असणार की जावेद, हे ठरायचं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी फोन लावला.

“भाऊ, तुमचं लॉगिन माझ्याकडं दिसून राहिलंय,” जावेद म्हणाला. “त्याच्यानंतर माझा सर्व्हर तुमच्याकडं यायला बघतो, तर पुढून जवाबच न्हाई. तुमच्या फायरवॉलचा लॉग एकदा बघता का?”

“बघितला. इकडं सगळं ओके आहे,” मी म्हणालो.

मी लॉग बघितलेला नव्हता.

इथे थोडं समजावून सांगतो. फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावर बसवलेला राखणदार. पहिल्या महिन्यात ब्रॉडबँडची वायर थेट माझ्या कॉम्प्युटरला होती, तेव्हा फाईल बिनबोभाट नांदेडला जायची. मग व्हायरस शिरला. पेपर बाहेर फुटला तर काय, या भीतीने सरांची भूकच मेली. तेव्हा मी एका जुन्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लावून त्याचा फायरवॉल केला. नियम अगदी कडक होता. आतून बाहेर काहीही जाऊ दे, पण बाहेरून आपणहून काही आत येता कामा नये. या कामाबद्दल सरांनी सगळ्या स्टाफसमोर माझी पाठ थोपटली होती. ती एकदाच थोपटली, म्हणून लक्षात आहे.

त्या दिवशी फाईल गेलीच नाही. मी सरांना सांगितलं, प्रॉब्लेम नांदेडच्या सर्व्हरमध्ये आहे. माझ्यामागे लातूरच्या छपाईचं काम होतं, म्हणून पेपर न्यायला जावेदच बाराच्या एसटीने निघाला. लोहा, अहमदपूर करत चारला पोचला. रोजे चालू होते. मी चहा विचारला, त्याने छातीला हात लावून नको म्हटलं. पेपरची सीडी घेतली, शर्टाच्या आत ठेवली आणि साडेचारच्या गाडीने परत गेला. रविवारची टेस्ट दहाला सुरू झाली.

सोमवारी मी निवांत फायरवॉलचा लॉग उघडला. लॉग म्हणजे त्या राखणदाराची नोंदवही. कोण आलं, कुठून आलं, आत घेतलं की हाकललं, सगळं तो लिहून ठेवतो. शनिवारच्या अकराच्या पुढे ओळीने लिहिलं होतं: नांदेडचा पत्ता, पोर्ट वीस, ड्रॉप. पुन्हा नांदेड, पोर्ट वीस, ड्रॉप. ड्रॉप म्हणजे आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, गुपचूप टाकून देणं. पाठवणाऱ्याला नाही म्हणूनही कळवायचं नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एफटीपी एका कनेक्शनवर चालत नाही, त्याला दोन लागतात. पहिलं बोलण्याचं, ते पोर्ट एकवीसवर. पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरची एक ठरावीक खिडकी. माझा कॉम्प्युटर तिथे जाऊन नाव-पासवर्ड सांगतो. दुसरं कनेक्शन मालाचं. फोल्डरची यादी असो की फाईल, ती त्यावरून येते-जाते. जुन्या पद्धतीत हे दुसरं कनेक्शन सर्व्हर आपल्याकडून करतो, पोर्ट वीसवरून. म्हणजे मीच नांदेडला सांगत होतो की ये माझ्याकडे, आणि तो आला की माझाच राखणदार त्याला हाकलत होता.

इलाज एका शब्दाचा होता. माझ्या नियमात ‘एस्टॅब्लिश्ड’ एवढंच होतं, म्हणजे आधीच जुळलेलं कनेक्शन आत येऊ द्या. त्यापुढे ‘रिलेटेड’ लिहायचं राहिलं होतं, म्हणजे त्या जुळलेल्या कनेक्शनच्या संबंधातलं नवं कनेक्शनही येऊ द्या. चूक माझी होती आणि पाच मिनिटांत सुधारता आली असती.

मी फाईल उघडली. कर्सर त्या ओळीवर नेला. आणि मनात आलं की हे मी आज दुरुस्त केलं, तर सर विचारतील काय झालं होतं. मग जावेद म्हणेल, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इन्चार्ज तो होईल. मी फाईल बंद केली. वाईट वाटलं वगैरे काही नाही. उलट बरं वाटलं, हे खरं आहे.

दुसऱ्या शनिवारी तेच झालं. लॉगिन झालं, यादी नाही. मी स्क्रीनकडे बघून मान हलवली आणि म्हणालो, नांदेडला अजून जमलेलं दिसत नाही. सर पहिल्यांदाच जावेदवर फोनवर चिडले. मी शेजारच्या खुर्चीत बसून ते सगळं ऐकलं आणि त्या दुपारी मला जेवण गोड लागलं. जावेद पुन्हा एसटीने आला. ओठ सुकलेले, चपलांवर धूळ. मला एवढंच म्हणाला, “भाऊ, एकदा दोघं मिळून लॉग बघायचा का?” मी म्हणालो, मला छपाई आहे.

तिसऱ्या शनिवारी त्याची येतानाची बस अहमदपूरजवळ बंद पडली. तो लातूरला पोचला तेव्हा परतीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. सीडी नांदेडला पोचली ती रविवारी सकाळी. तिथली टेस्ट दहाऐवजी साडेबाराला सुरू झाली. धर्माबादहून, लोह्याहून पहाटेच उठून मुलांना घेऊन आलेले आईबाप गेटबाहेर उन्हात ताटकळले. त्याहून वाईट म्हणजे लातूरची मुलं दहालाच पेपरला बसली होती. एकला सुटल्याबरोबर त्यांच्या हातात मोबाईल आले आणि नांदेडच्या पोरांना उत्तरं आत बसल्या जागी मिळायला लागली. सरांनी ती टेस्ट रद्द केली. धर्माबादच्या एका मुलीला त्या पेपरात सगळ्यात जास्त गुण होते. तिने काही पाहिलं नव्हतं, असं तिचे वडील फोनवर शांतपणे सांगत होते. तो फोन मीच घेतला होता.

सोमवारी सरांनी जावेदला लातूरला बोलावलं. दुपारी तीनला आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये बसलो. टेबलावर माझा कॉम्प्युटर आणून ठेवलेला.

“आज निकाल लावून टाकू,” सर म्हणाले. “चूक कुणाची हाय, ते सांगा. जो सांगंल आणि फाईल पाठवून दाखवंल, तो दोन्हीकडचा इन्चार्ज. बोल बालाजी.”

मी पोर्ट वीस, पोर्ट एकवीस, पॅकेट, नेटवर्क असं पाचेक मिनिटं बोललो. सगळं बरोबर बोललो, फक्त ड्रॉप कोण करतंय एवढं सोडून. सरांचे डोळे तेवढ्यात थंड झाले. मग ते जावेदकडे वळले.

“सर, आपल्या होस्टेलचा काय नियम हाय?” जावेदने विचारलं. “पोराला बाहेरून आलेला फोन द्यायचा न्हाई.”

“न्हाईच द्यायचा. दिवसभर घरचे फोन चालले तर अभ्यास कधी करायचा?”

“बराबर. आता एक पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी फोन करतं. म्हणतं, पैसे लई पडून राहिलेत, मी होस्टेलवर जातो, तुम्ही तिकडं उलटा फोन करा. बाप फोन करतो, रेक्टर उचलून ठेवून देतो. बाप तिकडं वाट बघतो, पोरगं इकडं. रेक्टरची चूक न्हाई, नियमच हाय. बापाची पण न्हाई.”

सर हसले. “मग काय करायचं?”

“पोरानं दोन्ही फोन स्वतःच करायचे. पहिला पण आणि दुसरा पण. एफटीपीत याला पॅसिव्ह मोड म्हणतात. दोन्ही कनेक्शन लातूरहूनच बाहेर जातील, भाऊंच्या फायरवॉलला हात लावायची गरज न्हाई. दुसरा फोन घ्यायला माझ्याकडं खिडक्या लागतात, त्या मी काल उघडून ठेवल्यात.”

मी बधिर होऊन ऐकत होतो. मी पाच मिनिटांत जे सांगू शकलो नाही ते त्याने सरांच्याच होस्टेलमध्ये नेऊन सांगितलं. आणि माझ्या बंद दाराला वळसा घालणारा रस्ताही शोधला. दार मुद्दाम बंद ठेवलंय, हे त्याला कळलं नसणार असं मी स्वतःला बजावलं. तरी जळफळाट व्हायचा तो झालाच.

सरांच्या सांगण्यावरून मी सेटिंगमध्ये पॅसिव्हवर टिक केली आणि कनेक्ट केलं. लॉगिन झालं. मग पुन्हा पांढरी जागा. जावेद खुर्चीत पुढे सरकला. टाइम आउट.

“आता काय झालं?” सरांचा आवाज चढला.

जावेदचं तोंड उतरलं. तो बॅगेतून डायरी काढून आपण काल काय काय केलं ते तपासायला लागला. मी मात्र स्क्रीनवरची वरची ओळ बघत होतो. पॅसिव्हमध्ये सर्व्हर कळवतो की दुसरा फोन अमुक पत्त्यावर, तमुक खिडकीवर कर. नांदेडच्या सर्व्हरने पत्ता कळवला होता १९२.१६८.१.५. मनातल्या मनात मला उकळ्या फुटल्या.

कारण हे मला बघताक्षणी कळलं होतं, आणि ते केवळ शिक्षणाने नाही. आमच्या नव्या गावात प्लॉट नंबर पडले होते, पण लोक पत्ता सांगताना जुन्या गावाचाच सांगायचे. वरची गल्ली, मारुतीच्या मागे. ती गल्ली आणि तो मारुती जुन्या गावाच्या ढिगाऱ्यात राहिले होते. गावातल्या गावात तो पत्ता चालायचा, कारण सगळ्यांना सगळे माहीत. माझ्या पॉलिटेक्निकच्या फॉर्मवर वडिलांनी तोच लिहिला. प्रवेशाचं पत्र नवा पोस्टमन दोनदा घेऊन फिरला आणि ते परत गेलं. माझं एक वर्ष त्यात गेलं.

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता तसाच असतो, घरातल्या घरात चालणारा. हजारो ऑफिसांत तोच असतो. बाहेरून यायचं तर क्लासने घेतलेला नांदेडचा पक्का पत्ता हवा, आणि सर्व्हरने तो सांगायला हवा. जावेदचा सर्व्हर घरातलाच पत्ता सांगत होता. आमच्याकडे १.५ म्हणजे झेरॉक्सच्या खोलीतला प्रिंटर. माझा कॉम्प्युटर नांदेडची फाईल घेऊन बिचारा त्या प्रिंटरच्या दारात उभा होता.

म्हणजे या वेळी चूक खरोखर नांदेडची होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी बसलो.

तेवढ्यात जावेदच्या डायरीतून एक घडी घातलेला कागद टेबलावर पडला आणि अर्धा उघडला. सर्व्हरच्या लॉगची प्रिंट होती. वर पहिल्या शनिवारची तारीख. लातूरचा पत्ता, पोर्ट वीसवरून तीन प्रयत्न, तिन्हींना उत्तर नाही. तिन्ही ओळींखाली पेनने रेघ मारलेली. बाजूला त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘लातूर फायरवॉल. रिलेटेड राहिलं?’

त्याने तो कागद सावकाश उचलून परत डायरीत ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. सरांनाही तो दाखवला नाही.

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नुसतं दार बंद आहे एवढंच नाही, कोणता शब्द राहिलाय तेसुद्धा. हा कागद जवळ ठेवून तो तीनदा उपाशीपोटी एसटीने आला होता, सरांची बोलणी खाल्ली होती आणि आता ऐन वेळेलाही तो कागद त्याने दाबून ठेवला होता. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, लाजेच्या आधी पुन्हा हेवाच वाटला.

“पत्ता चुकलाय,” मी म्हणालो. “सर्व्हर आतला पत्ता सांगतोय. बाहेरचा सांगायला हवा.”

जावेदने स्क्रीनकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “हाव की. एवढं कसं दिसलं न्हाई मला.”

त्याने नांदेड ऑफिसच्या सुनंदाताईंना फोन लावला. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्टर्नल आयपी’ नावाचा एक रकाना असतो, तो रिकामा होता. त्याने एकेक आकडा सांगितला, ताईंनी टाईप करून उलट वाचून दाखवला. मी पुन्हा कनेक्ट केलं. यादी आली. मी पेपरची फाईल ओढून टाकली आणि निळी पट्टी सरकायला लागली. सर ती पट्टी शंभर होईपर्यंत उभे राहून बघत होते.

“शेवटी माझा बालाजीच कामाला आला,” सर म्हणाले. त्यांनी माझी पाठ थोपटली, दुसऱ्यांदा. “आजपासून दोन्हीकडचा इन्चार्ज तू. काय जावेदमियाँ?”

“बराबर हाय सर. भाऊंनीच पकडलं,” जावेद म्हणाला.

मी तेव्हा तोंड उघडू शकलो असतो. नाही उघडलं.

त्याला सोडायला बसस्टँडवर गेलो. गाडी लागायची होती. रोजा सोडायची वेळ झाली तसा त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, एक खजूर तोंडात घातला आणि दोन माझ्या हातावर ठेवले.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“हाव.”

“मग सरांना का सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही खामखा शरमिंदे झाले असते. मला वाटलं, तुम्हाला आज दिसंल, उद्या दिसंल. वाट बघून राहिलो होतो.” मग म्हणाला, “त्या धर्माबादच्या पोरीचं लई वाईट झालं भाऊ. तवा सांगायला पाहिजे होतं मी. ती चूक माझी.”

त्याने आपली म्हणून सांगितलेली चूकसुद्धा माझीच होती. गाडी लागली, तो चढला आणि खिडकीतून हात हलवला.

मी तडक क्लासवर परत गेलो आणि फायरवॉलच्या नियमात तो एक शब्द टाकला. आता त्याची काही गरज राहिली नव्हती. सरांना खरं सांगितलं ते पुढच्या वर्षी, जावेद हैदराबादला मोठ्या कंपनीत गेल्यावर. ते म्हणाले, “मला तवाच वाटलं होतं,” आणि हातातला पेपर तपासायला लागले.

आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि हाताखाली चार माणसं आहेत. जावेदचा हेवा अजून वाटतो. आधी त्याच्या हुशारीचा वाटायचा, ती मला थोडीफार गाठता आली. आता वाटतो तो त्याने तो कागद परत डायरीत ठेवला त्याचा, ते मला अजून जमलेलं नाही. नव्या माणसाला फायरवॉल शिकवताना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की पॅकेट तुम्ही गुपचूप टाकून दिलं तरी समोरच्याच्या लॉगमध्ये त्याची वेळ पडलेली असते. तो काही बोलला नाही, म्हणून त्याला कळलं नाही असं धरून चालू नका.